स्लो कुकरात ऑरेंज चिकन: रत्नागिरीत कसं जमवायचं?

भाट्येची_मामी

नमस्कार मंडळी. थोडं लांबण लावते, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट उत्तर मिळायचं नाही.

माझ्या नणंदेचा मुलगा नाताळच्या सुट्टीत बायको-पोरांसकट येतोय. कॅलिफोर्नियात असतात. मागच्या खेपेला पोरांनी सुरमई, कोलंबी, घावणे, सगळ्याकडे पाहून नाकं मुरडली आणि वरणभात नि बटाट्याच्या काचऱ्यांवर सुट्टी काढली. मला फार लागलं ते. म्हणून या वेळी फोनवर आधीच विचारून घेतलं, काय करू रे तुमच्यासाठी? दोघं एका सुरात म्हणाले, ऑरेंज चिकन. म्हणजे मॉलमध्ये कागदी खोक्यातून मिळतं ते, चकचकीत, गोड-आंबट, वर तीळ.

आता माझ्याकडे स्लो कुकर आहे. भाचेसुनेनेच मागच्या वेळी तिकडून आणून दिला, "मामी, सकाळी लावायचा आणि विसरून जायचं." मी अजून लावलेला नाही, माळ्यावर खोक्यातच आहे. तिने पाककृती पण पाठवलीय. त्यात संत्र्याच्या रसाचा गोठवलेला डबा लिहिलाय. तो मी रत्नागिरीत कुठून आणू? ताजा रस चालेल का? इतके तास शिजून तो कडू नाही का होणार? चिकन तिने छातीचं सांगितलंय आणि वेळ पाच-सहा तास. आपला ब्रॉयलर अर्ध्या तासात शिजतो, तो सहा तासांनी उरेल का भांड्यात? सोया सॉस किती घालू, व्हिनेगर घालावंच का?

बेत असा आहे की ते यायच्या दिवशी सकाळी कुकर लावायचा, ह्यांच्याबरोबर स्टेशनवर जायचं आणि घरी आल्यावर गरमागरम वाढायचं. मार्गशीर्षातला गुरुवार मध्ये आला नाही म्हणजे झालं. जाणकारांनी सांगा.

तारेवरचा_लांजेकर

ताई, स्वयंपाकातलं मला काही कळत नाही. पण कुकर तिकडून आणलाय हे वाचलं आणि म्हटलं आधी आपण लिहावं.

खोक्यातून काढलात की पहिल्यांदा उलटा करा. बुडाला पट्टी असते, तिच्यावर व्होल्ट आणि वॅट छापलेले असतात. १२० व्होल्ट असेल तर आपल्या प्लगात अजिबात घालायचा नाही. दुकानात चपट्या पिनांचा अडॅप्टर मिळतो, तो लावला की लोकांना वाटतं भागलं. तो फक्त पिनांचा आकार बदलतो, येणारं व्होल्टेज २३० चं २३०च. स्लो कुकर म्हणजे मातीच्या भांड्याभोवती गुंडाळलेली तापणारी तार. व्होल्टेज जवळजवळ दुप्पट झालं की तिचे वॅट दुपटीने नाही, वर्गाच्या हिशेबाने वाढतात. २४० वॅटचा कुकर पावणेनऊशेच्या आसपास ओढील. तार जळेल, नाहीतर भांडं तडकेल.

त्याला स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो, २३० चा ११०-१२० करणारा. कुकरचे जेवढे वॅट त्याच्या दीडपट-दुप्पट क्षमतेचा घ्या, कारण हा मिक्सरसारखा दोन मिनिटांचा खेळ नाही, तासन् तास चालणार. ट्रान्सफॉर्मर हाताला जड लागला पाहिजे. हलका, पोकळ लागणारा कन्व्हर्टर कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. आणि कुकर चालू असताना त्याच्यावर फडकं, वर्तमानपत्र काही टाकू नका, तापतो तो.

भाट्येची_मामी

अहो तुमचे उपकार झाले. आत्ता ह्यांनी माळ्यावरून काढला. १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, २४० वॅट. भाचेसुनेने खोक्यात एक अडॅप्टर घालून दिलाय, तो तुम्ही म्हणता तसला पिना बदलणाराच निघाला.

आमच्या पाखाडीत सौदीहून परतलेलं एक कुटुंब आहे, त्यांच्याकडे असा लोखंडी ठोकळा पडून असतो. त्यावर १००० वॅट लिहिलंय म्हणे. चालेल ना? ६० हर्ट्झचं काय?

तारेवरचा_लांजेकर

१००० चा म्हणजे उत्तम, आरामात चालेल. मागे ११० चं बटण असेल तर ते बघून घ्या. हर्ट्झचा फरक तापणाऱ्या तारेला लागत नाही. पहिल्यांदा नुसतं पाणी घालून दोन तास चालवा आणि ठोकळ्याला हात लावून बघा. कोमट ते गरम ठीक. हात ठेववत नसेल किंवा जळका वास आला तर बंद करून मला विचारा.

वेंगुर्ल्याचो_झील

माका ह्या काय पटणा नाय. कोंबडी आणलास तर सागोती करा, वडे करा. संत्र्याचो रस पोरांका पिवक देवा. आणि आंबट व्हया तर आपला कोकम काय वायट आसा?

जयगडचा_भंडारी

वेंगुर्लेकर, पोरांनी जे मागितलंय ते द्यावं. सागोती ती मोठी झाली की आपणहून मागतील.

वहिनी, माझा जन्म बोटीच्या गॅलीत, म्हणजे बोटीवरच्या स्वयंपाकघरात गेला. आता जयगडला घरी असतो. तुमचं हे ऑरेंज चिकन बोट कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच बंदराला लागायची तेव्हा बाहेर जाऊन खाल्लंय, आणि पुढे बोटीवर फिलिपिनो पोरं हट्ट धरायची म्हणून केलंयही. त्यामुळे थोडं अधिकाराने लिहितो.

पहिली गोष्ट ऐकून नाराज होऊ नका. मॉलमधलं ते तसंच्या तसं स्लो कुकरात होत नाही. तिथे तुकडे कॉर्नफ्लॉवरात घोळवून भरपूर तेलात तळतात. सॉस वेगळा तयार असतो. मोठ्या आचेवर कढईत दोन्ही एकत्र आले की मिनिटभरात खोक्यात. वरची कुरकुर त्या मिनिटामुळे टिकते. कुकरात झाकण बसलं की वाफेला बाहेर वाट नाही, ती झाकणाला लागून परत चिकनवर ठिबकते. तळलेलं काहीही त्यात मऊच पडणार. कुरकुरीत आणि स्लो कुकर हे दोन्ही एका ताटात मागू नका. चव मात्र पुरेपूर उतरते, तुकडा तोंडात घातला की विरघळतो, आणि भातावर ओतायला सॉस भरपूर.

दुसरं, हे मोठं चिनी शास्त्र आहे असं समजून बिचकू पण नका. हा पदार्थ पांडा एक्सप्रेस या अमेरिकन साखळीच्या अँडी काओ नावाच्या शेफने १९८७ मध्ये हवाई बेटांवर बसवला. चीनमध्ये हुनान-सिचुआनकडे संत्र्याची वाळवलेली साल घालून कोंबडी करतात, पण ती तिखट आणि जरा कडवट. एवढी साखर तिच्यात नसते, ती अमेरिकेने घातली. तेव्हा तुम्ही रत्नागिरीत त्यात थोडं इकडचं तिकडे केलंत तर कोणाच्या आजीचा अपमान होत नाही.

आता चिकन. छातीचं घेऊ नका, भाचेसून काहीही म्हणो. तिकडच्या पाककृती छातीवर लिहितात कारण तिकडे तेच खपतं. आपला ब्रॉयलर म्हणजे पाच-सहा आठवड्यांचं पिल्लू, त्याच्या छातीत चरबी नाही. कुकरात तीन तासांनी तिचे नुसते कोरडे धागे निघतात. मांडीत चरबी असते, मधले पडदे असतात, ते सावकाश विरघळतात आणि मांस ओलं राहतं. दुकानदाराला सांगा, फक्त तंगड्या, कातडं काढून, हाडं काढून. तो कुरकुरेल. रविवारी सकाळी दहा वाजता जाऊन सांगितलंत तर देणारच नाही. आदल्या दिवशी सांगून ठेवा किंवा मधल्या वारी जा. दीड किलोच्या थोड्या वर तंगड्या घेतल्या की हाडं जाऊन किलोभर हातात येतं. चार मोठे नि दोन पोरं यांना ते पुरे.

तुकडे दीड इंचाचे. लहान केलेत तर विरून जातील. फडक्याने कोरडे टिपा, हा भाग बायका टाळतात आणि मग तेल उडतं म्हणून ओरडतात. मीठ एक चमचा सपाट, मिरपूड, आणि अर्धी वाटी कॉर्नफ्लॉवर चोळा. तव्यावर किंवा पसरट कढईत तीन-चार चमचे तेल चांगलं तापवून तुकडे सुटे सुटे टाका, दोन्हीकडून सोनेरी झाले की काढा. आत कच्चे राहिले तरी चालेल, पण मग लगेच कुकरात गेले पाहिजेत. अर्धवट भाजून ओट्यावर ठेवून आंघोळीला जायचं नाही. हे भाजणं वगळून सगळं एकदम कुकरात टाका असं सांगणाऱ्या पाककृती खूप आहेत. तसं केलं तर तुकडे पांढरे फटक, उकडलेले लागतात.

सॉससाठी तो गोठवलेला डबा विसरा. त्यात काय असतं? पाणी काढून घट्ट केलेला रस. तो आपण घरी करू. दोन कप रस पातेल्यात मध्यम आचेवर आटवून पाऊण कपाच्या आसपास आणा. कुकरातून पाणी उडून जात नाही, उलट चिकनला पाणी सुटतं, म्हणून आत जाईल ते आधीच घट्ट हवं. नव्या माणसांचं सगळ्यांचं इथेच पातळ पाणी होतं. त्या रसात पाऊण वाटी साखर, सोया सॉस तीन मोठे चमचे, पांढरं व्हिनेगर दोन मोठे चमचे, आलं नि लसूण बारीक चिरून एकेक मोठा चमचा, चिली फ्लेक्स पोरांच्या बेताने. वाटलेली आलं-लसूण पेस्ट नको, तासाभराने ती मसाल्याच्या रश्शासारखी लागायला लागते. आपल्याकडे बाटलीत मिळतो तो डार्क सोया खारट नि काळाकुट्ट असतो, तो असेल तर दोनच चमचे आणि चिकनला लावलेलं मीठ निम्मं. गूळ घालू नका. गुळाची स्वतःची चव संत्र्याला खाऊन टाकते.

सॉस उकळता उकळता चिकनवर ओता. कुकर अर्धा ते पाऊण भरलेला हवा, तळाशी चार तुकडे असले तर करपतात. लो वर अडीच ते तीन तास बस. पाच-सहा तास हा हिशेब अख्ख्या, न भाजलेल्या छातीच्या तुकड्यांचा, तोही ढोबळ. मध्येमध्ये झाकण उघडायचं नाही. एकदा उघडलं की गेलेली उष्णता परत यायला पंधरा-वीस मिनिटं जातात. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर सगळ्यात जाड तुकड्यात ७४ अंश दिसले पाहिजेत. नसेल तर तुकडा मोडून बघा, आत गुलाबी नको, रस स्वच्छ हवा.

घट्टपणा शेवटी. कॉर्नफ्लॉवरची पेस्ट सुरुवातीला घालू नका, आंबट सॉसमध्ये तासन् तास राहिली की ती पातळ पडते. चिकन झाऱ्याने काढून घ्या, सॉस कढईत ओता, गॅस मोठा करा, दीड चमचा कॉर्नफ्लॉवर गार पाण्यात कालवून घाला. दोन-तीन मिनिटं खदखदलं की चमच्याच्या पाठीला धरायला लागतं. मग तुकडे परत, वर भाजलेले तीळ आणि पातीचा कांदा. चकाकी या शेवटच्या मोठ्या आचेची असते, कुकर ती देऊ शकत नाही.

एवढं सगळं वाचून तुम्ही विचाराल, मग कुकर कशाला? खरं सांगू? या पदार्थाला तो नसता तरी चाललं असतं. पाहुणे आल्यावर तीन तास ओट्याशी उभं राहायला लागत नाही, एवढाच त्याचा फायदा, आणि तुमच्यासारख्या सासुरवाडीच्या माणसांनी भरलेल्या घरात तो थोडाथोडका नाही. पण या यंत्राचं खरं काम गावठी कोंबडीवर आहे. दोन वर्षांची चिवट कोंबडी, साधं वाटण, थोडं पाणी, लो वर सात-आठ तास. हाडातून मांस सुटतं पण लगदा होत नाही, नि रस्सा असा येतो की कुकरच्या पाच शिट्ट्यांना जमत नाही. खोबऱ्याचं वाटण मात्र शेवटच्या अर्ध्या तासात घालायचं. पाहुणे गेले की एकदा करा.

वेंगुर्लेकरांचं कोकम: आगळात, म्हणजे कोकमाच्या रसात, मीठ असतं आणि रंग जांभळा. संत्र्याच्या रंगाची वाट लागेल. आंबट कमी पडलं तर शेवटी लिंबू पिळा.

आणि हो, फ्रीजरमधलं गोठलेलं चिकन थेट कुकरात कधीच नाही. ते तापेपर्यंत इतका वेळ जातो की त्यात जंतूंची जत्रा भरते.

काटोलची_लेक

भंडारीकाका, सुरेख लिहिलंत. फक्त संत्र्याबद्दल मला बोलू द्या, मी संत्र्याच्या बागेत वाढलेली पोर. लग्नानंतर दापोलीला आले, इथे आंब्या-काजूवर जीव लावला, पण संत्रं दिसलं की थांबते.

मामी, तुमचं नशीब चांगलं, डिसेंबर आहे. आमच्याकडच्या आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी आलेल्या फुलांची फळं याच दिवसांत बाजारात असतात. रत्नागिरीत नागपुरी म्हणून मागा. फळ हातात जड लागलं पाहिजे. साल फुगून सुटलेली, आत खुळखुळतं असं फळ घेऊ नका, ते आतून सुकलेलं असतं. नुसती पिवळी, तकतकीत, घट्ट सालीची किन्नो जातीची संत्री त्याच टोपलीत मिसळून देतात. खायला ती बरी, पण बियाच बिया, आणि रस काढून ठेवला की कडवट होतो. मोसंबीचंही तेच. मोसंबीच्या रसाला आंबटपणा पण नसतो, त्यामुळे सॉस नुसता गोड होईल.

रस कडू का होतो ते सांगते. लिमोनिन नावाचं एक द्रव्य आहे. अख्ख्या फळात ते कडू नसलेल्या रूपात असतं. रस काढला की त्यातल्या आम्लामुळे हळूहळू कडू रूप तयार होतं, नि गरम केलं तर लवकर. बिया आणि पांढऱ्या पापुद्र्यात त्याचं मूळ. म्हणून संत्री मिक्सरमधून फिरवायची नाहीत बाप्पा, बिया फुटतात. हाताने आडवी कापून पिळायची, बारीक गाळणीने गाळायची, आणि लगेच आटवायला घ्यायची. सकाळी काढून फ्रीजमध्ये ठेवलेला रस संध्याकाळी वापरू नका. दोन कप रसाला मध्यम आकाराची नऊ-दहा तरी लागतील, फळ कसं आहे त्यावर.

काकांनी सालीचं सांगितलं नाही, आणि संत्र्याचा वास तर सालीत असतो! रसाने गोड-आंबट येतं, पण डोळे मिटून खाल्लं तर संत्रं आहे हे साल सांगते. सोलायच्या आधीच, फळ घट्ट असताना, बारीक किसणीवर वरची नारिंगी साल अलगद किसा. एकदा सोललं की नागपुरी साल ढिली पडते, मग किसता येत नाही. पांढरं दिसायला लागलं की थांबा, फळ फिरवा. किसण्याआधी फळ कोमट पाण्यात घासून धुवा, कधीकधी वर मेणाचा हात असतो. दोन फळांची साल पुरे आणि ती अगदी शेवटी, काका सांगतात त्या कढईत, गॅस बंद केल्यावर. तीन तास कुकरात घातली तर तेल उडून जाईल नि कडवटपणा मागे राहील.

जयगडचा_भंडारी

लेकी, साल राहिलीच. बोटीवर आम्हाला ताजी फळं किती दिवस टिकणार, म्हणून आम्ही खोक्यातला रस वापरायचो नि शेवटी मार्मालेडचे, म्हणजे संत्र्याच्या जॅमचे, दोन चमचे घालायचो. त्यात सालीच्या कापा असतात. वहिनी, तुमची संत्री आंबट निघाली नाहीत तर दुकानातला शंभर टक्के रस लिहिलेला खोका आणा, मी तर म्हणतो त्याची चव दर वेळी सारखी येते.

काटोलची_लेक

काका, एवढंच नाही पटलं. डिसेंबरात नागपुरी संत्री समोर असताना खोका? मार्मालेड मात्र मान्य, अर्धी साखर कमी करून दोन चमचे घातलं तर छान लागेल. आणि मामी, खोकाच आणायचा झाला तर मागचं वाचून घ्या. बरेचसे नुसते संत्र्याचं पेय असतात, त्यात साखर-पाणीच जास्त, आटवलं की पाक होतो.

भाट्येची_मामी

बाई गं, केवढं सांगितलंत सगळ्यांनी! मी वहीत उतरवून घेतलंय. सौदीवाल्यांचा ठोकळा आणला, पाण्यावर दोन तास चालवला. गूं गूं असा बारीक आवाज येतो, कोमट लागतो. लांजेकर, ठीक ना?

आता खरी अडचण. त्यांची गाडी दुपारी आहे, आणि ती किती वाजता येईल ते देवालाच ठाऊक. मी सकाळी अकराला कुकर लावून गेले आणि मागे लाइट गेली तर? आमच्याकडे दुरुस्तीच्या नावाखाली सकाळी नऊला जाते ती कधी दोनला येते, कधी पाचला. इन्व्हर्टर आहे, त्याच्यावर लावू का?

तारेवरचा_लांजेकर

आवाज ठीक, लोखंडी ट्रान्सफॉर्मर गुणगुणतोच.

इन्व्हर्टरवर नको. तुमचा साध्या स्क्वेअर वेव्हचा असेल तर ट्रान्सफॉर्मरला ते मानवत नाही, तो जास्त तापतो. साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या लाइटीसारखी वीज देणारा असेल तर चालेल म्हणता येईल, पण २४० वॅट नि ठोकळ्यात वाया जाणारी वीज धरली तर पंखे-दिव्यांसकट बॅटरी लवकर बसेल. रात्री पाहुण्यांना पंख्याशिवाय झोपवणार का? आणि घरात कोणी नसताना मागितलेल्या ट्रान्सफॉर्मरवर काही चालू ठेवून जाऊ नये असं माझं मत.

जयगडचा_भंडारी

लांजेकर बरोबर बोलले, आणि खाण्याच्या बाजूनेही तेच उत्तर आहे.

५ ते ६० अंशांच्या मध्ये शिजवलेलं किंवा अर्धवट शिजलेलं चिकन दोन तासांवर राहू द्यायचं नाही. गॅलीत हा नियम भिंतीवर लावलेला असायचा आणि कॅप्टनलासुद्धा सूट नव्हती. तुम्ही घरी असताना लाइट गेली तर घाबरायचं कारण नाही, सगळं पातेल्यात ओता आणि गॅसवर पंधरा-वीस मिनिटांत शिजवून मोकळ्या व्हा. पण तुम्ही बाहेर असताना गेली, परत आली, आणि मध्ये किती वेळ गेली ते कळायला मार्ग नाही, तर ते चिकन फेकायचं. दिसायला नि वासाला छान असेल तरी. लहान पोरं, त्यात लांबच्या प्रवासाने थकलेली. परत उकळून घेऊ हा उपाय नाही, काही जंतूंनी सोडलेलं विष उकळून जात नाही.

तेव्हा बेत बदला. दुपारी आल्यावर त्यांना वरणभात, काचऱ्या, जे मागच्या वेळी चाललं तेच. रस मात्र सकाळी काढून आटवून फ्रीजमध्ये ठेवायला हरकत नाही, एकदा साखर-सोया-व्हिनेगर घालून सॉस झाला की काटोलची लेकही ओरडणार नाही. चिकन कापून फ्रीजमध्ये. मंडळी झोपली की चार साडेचारला तुकडे भाजा, सॉस उकळा, कुकर लावा. साडेसात-आठला जेवण.

आणि पोरांसाठी एक लबाडी सांगतो. किलोतले पाव किलो तुकडे कुकरात घालूच नका. त्यांना कॉर्नफ्लॉवर लावून फ्रीजमध्ये ठेवा, जेवायच्या वेळी तेलात तळा, दोन मिनिटं थांबून परत एकदा कडक तेलात तळा. घट्ट केलेला सॉस तयार असेलच, त्यातला थोडा दुसऱ्या कढईत घेऊन तुकडे मिनिटभर फिरवा नि पोरांच्या ताटात. ते मॉलवालं. मोठ्यांना कुकरातलं. दोन्हींचा सॉस एकच.

काटोलची_लेक

सकाळी आटवलेल्या रसाचं चालेल, संध्याकाळपर्यंतच. मात्र साल तेव्हा किसू नका, संध्याकाळसाठी दोन फळं बाजूला ठेवा.

भाट्येची_मामी

हे झकास. दोन्ही प्रकार करते. भाचेसुनेला आत्ताच फोनवर सांगितलं की छातीचं घेणार नाही, तर म्हणते, "मामी, तिकडे पण सगळे मांडीचंच घेतात हल्ली, मीच जुनी पाककृती पाठवली." बघा आता.

शेवटचं एक. भात कुठला करू? घरात उकडा तांदूळ आहे आणि कोलम आहे. आणि उरलं तर दुसऱ्या दिवशी कुकरातच गरम करू का?

जयगडचा_भंडारी

कोलम, नेहमीपेक्षा थोडं जास्त पाणी घालून, म्हणजे भात जरा चिकटसर होतो आणि सॉस धरतो. उकडा नको, त्याचा स्वतःचा वास आहे, तो माशाच्या आमटीला शोभतो.

उरलेलं जेवण झाल्यावर पसरट डब्यात काढून लगेच फ्रीजमध्ये. कुकराचं भांडं तसंच फ्रीजमध्ये ठेवू नका, ते जाड असतं, आतलं लवकर गार होत नाही, नि गार झालेलं भांडं परत तापवलं तर तडकतं. दुसऱ्या दिवशी कढईत, दोन चमचे पाणी घालून, चांगलं वाफ येईपर्यंत. स्लो कुकर गरम करायला वापरायचा नसतो, त्याला तापायलाच तास लागतो.